लाल केलेली कळलावी

माझी बायको गेली तेव्हा तिची अकरा चित्रं पुरी होती आणि बारावं अर्धं होतं. पुऱ्या झालेल्या प्रत्येक कागदावर एक रानफूल आणि त्या फुलावर येणारा एक जीव. रुईवर काळा भुंगा, दिंड्यावर गांधीलमाशी, तेरड्यावर मधमाशी. बाराव्या कागदावर कळलावी होती, पण तिच्यावर कोणी आलेलं नव्हतं. उजव्या बाजूला कागद कोरा होता. ती जागा तिनं पाहुण्यासाठी ठेवली होती. पाहुणा हा तिचा शब्द. भुंगा असो नाहीतर मुंगी, फुलावर येईल तो पाहुणा.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण त्या बाराव्या चित्राचं मी काय करून ठेवलं ते एकदा नीट सांगायचं आहे, आणि बसून ऐकणारं घरात कोणी नाही. म्हणून लिहितो.

आम्ही मूळचे घाटावरचे. बोईसरला आलो ते कारखान्यासाठी. कपडा छापायचा कारखाना होता आणि माझं काम रंग बनवायचं. जिथे रंग बनतो त्या खोलीला कलर किचन म्हणतात. तिथं चूल नाही, नुसत्या बादल्या आणि घाटायला काठ्या. पार्टीकडून कापडाचा एक तुकडा यायचा, ते सँपल. त्या सँपलला हुबेहूब जुळेल असा रंग काढायचा. ट्यूबलाइटखाली बघायचा नाही, खिडकीपाशी नेऊन बघायचा. जुळला की त्यात बाइंडर घालायचं, म्हणजे रंग पक्का होतो. धुतला तरी सुटत नाही. सगळी उमर मी हेच केलं. कोणी म्हणालं हा निळा छान नाही, तर मी म्हणायचो, छान-बिन मला विचारू नका, सँपल दाखवा.

बाटल्यांच्या तळाशी राहिलेला रंग फेकायचा असायचा. तो मी घरी आणायचो. सुरुवातीला तिनं त्यानं पत्र्याच्या पेटीवर वेल काढले, मग दाराच्या चौकटीवर. मुलीचं लग्न होऊन ती नाशिकला गेली तेव्हा घर एकदम रिकामं झालं, आणि त्यानंतर ही कागदावर आली. कोणी शिकवलं नाही. ती माझ्याहून कमी शिकलेली, दुसरीपर्यंत. डिंक भिजवायची, त्यात माझा रंग पातळ करायची आणि हळूहळू काढत बसायची. एक चित्र कधी महिना चालायचं, कधी दोन.

फुलं तिला दाखवायची एक भाजीवाली. चिल्हार रस्त्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर तिचं घर. पावसाळ्यात ती स्टेशनबाहेर शेवळं, टाकळा, लोत घेऊन बसते. भात कापून झालं की घरातली सगळी माणसं वीटभट्टीवर जातात, तिकडे भिवंडीच्या बाजूला. म्हणजे ती आमच्या वाट्याला पावसापुरतीच. हिची आणि तिची ओळख भाजी निवडता निवडता झाली. मग ही तिच्याबरोबर डोंगरात जायला लागली. मी म्हणायचो, "या वयात पाय मोडून घेशील." ही म्हणायची, "मोडला तर तुम्ही आहात की उचलायला." मी कधी बरोबर गेलो नाही. मला वाटायचं बायकांचा उद्योग आहे. गेलो असतो तर काय बिघडलं असतं, ते आता विचारण्यात अर्थ नाही.

चित्र काढायचे हिचे दोन नियम होते. फूल एकटं काढायचं नाही. आणि पाहुणा डोळ्यांनी बघितल्याशिवाय काढायचा नाही. एकदा मी म्हणालो, "मधमाशी काढून टाक ना, मधमाशी सगळीकडे जाते." तर म्हणाली, "तुमच्या घरी कोण येतं ते मी मनानं ठरवू का?" तसंही आमच्याकडे कोण येत होतं.

गेल्या वर्षी श्रावणात तिनं कळलावी काढली. तीन वेळा डोंगरात गेली. फूल पुरं झालं, पण तिन्ही वेळा पाऊस लागला आणि पाहुणा काही आला नाही. चौथ्यांदा जायचं त्या आठवड्यात तिला ताप आला. साधा ताप म्हणून घरी झोपली. चार दिवसांत संपलं. मी अजून कधी कधी दोन कप चहा टाकतो. दुसरा कप ओततानाच लक्षात येतं. मग दोन्ही मीच पितो, आणि छातीत जळजळतं.

या वर्षी आषाढात मुलीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, वर्षश्राद्धाला येते तेव्हा आईची चित्रं घेऊन जाते. तिकडे काचेत बसवते. तुमच्याकडे एकीकडून खारी हवा, एकीकडून कारखान्यांचा धूर, कागद पिवळे पडतायत."

खरं होतं ते. मी म्हणालो, "ने."

"सगळी बारा?"

"अकरा. बारावं पुरं नाही."

"असू दे ना अर्धं."

"नाही. पुरं करून देतो," मी म्हणालो. कसं करणार ते मला माहीत नव्हतं. तोंडातून निघून गेलं. पण एकदा निघाल्यावर तेच मनात बसलं. तिचं शेवटचं काम अर्धं राहिलं, ते वर्षाच्या आत पुरं करायचं. बाकी सगळं वर्ष मी काही केलंच नव्हतं. सकाळी उठायचं, पोळी-भाजीचा डबा येतो तो खायचा, खाटेवर पडून पंख्याकडे बघायचं.

चित्र मी खिडकीपाशी नेऊन नीट बघितलं. पहिल्यांदाच इतकं नीट बघत होतो. आणि मला ते चुकलंय असं वाटलं. कळलावी लाल असते, लाल-नारिंगी, विस्तवासारखी. हिनं पाकळ्या खालून पिवळ्या काढल्या होत्या, पार बुडाशी तर हिरवट, आणि फक्त टोकं लाल. मला वाटलं वर्षभरात रंग उडाला. डिंकातला कच्चा रंग, बाइंडर नाही, उडणारच. शेवटचं चित्र, आणि तेच फिकं पडलेलं. मुलगी ते काचेत बसवणार, चार लोक बघणार.

मी ठरवलं, पाहुण्याच्या आधी रंग दुरुस्त करायचा.

भाजीवालीला गाठलं. ती स्टेशनबाहेर टोपली पुढे घेऊन बसली होती. मी म्हणालो, "मला कळलावी पाहिजे."

ती सगळ्यांना अरेतुरे करते, लहान असो मोठा असो. म्हणाली, "कशाला रं बाबा? बाळंत कोन हाय घरात?" अडलेल्या बाईच्या कळांसाठी तिकडे या वेलाचा कंद वापरतात.

"चित्रासाठी."

मग तिच्या लक्षात आलं. "बायचा ता चित्र?" बाय म्हणजे माझी बायको.

"हां."

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर वर गेलो. शेअर रिक्षा सोडल्यावर चालत चढ. माझा दम निघाला. ती पुढे, टोपली डोक्यावर, मागे वळून बघते आणि हसते. "बाय तुझ्यापरीस बेस चढायची." मी म्हणालो, "तिला पाय होते, मला नुसतं वय आहे."

कुडाच्या कुंपणावर वेल चढला होता. दहा-बारा फुलं असतील. पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, जशी छत्री वाऱ्यानं उलटी व्हावी तशा, आणि केसर खाली चहूबाजूंना ताणलेले. मी त्यातलं सगळ्यात लालभडक फूल निवडलं आणि देठासकट तोडलं.

"घरात नेतंस?" ती ओरडली. "बाय कवा नेत नव्हती. हितंच बसून काढायची. ता फूल घरात नेलं का भांडान लागतं."

"माझ्या घरात भांडायला आहे कोण?"

ती टोपली खाली ठेवून आपल्या लुगड्याचा काठ पिळत बसली. मग म्हणाली, "हात धुवून टाक घरी गेल्यावर. इखारी हाय."

घरी आलो, फूल पेल्यात ठेवलं, हात धुतले. जुन्या बाटल्या काढल्या. लाल होता, पिवळा थोडा होता, नारिंगी जुळवता येणार होता. आणि बाइंडरचा डबा, कामावरून कायमचा सुटताना आणलेला, अजून ओला. कित्येक वर्षांनी मी रंग घाटायला बसलो. हाताला सगळं आठवत होतं. एक ठिपका कागदाच्या तुकड्यावर, खिडकीत नेऊन फुलाशेजारी धरायचा. डल आला, लाल वाढव. जास्त झाला, पिवळ्याचा थेंब. तास गेला असेल. जुळला. काय जुळला म्हणून सांगू! ठिपका फुलावर ठेवला असता तर ओळखू आला नसता. त्या एका तासात माझ्या मनात बाकी काही नव्हतं, ती गेली हेसुद्धा नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्या वर्षातला तो एकच चांगला तास.

रंगात मी बाइंडर घातलं, पक्का व्हावा म्हणून. तिच्या बारीक कुंचल्यानं पाकळ्या भरल्या, एकेक. पिवळा झाकला, हिरवट झाकला. बुडापासून टोकापर्यंत लाल. वाळल्यावर लांबून बघितलं. झळकत होतं. मी मोठ्यानं म्हणालो, "आता बघ!" खोलीत कोणी नव्हतं.

आता राहिला पाहुणा. नियमाप्रमाणे डोळ्यांनी बघायचा होता. चार दिवसांनी उघडीप मिळाली, तसा पुन्हा वर गेलो. भाजीवाली पाड्यावरच होती, नाचणीच्या शेतात निंदत होती. मला वेलापाशी बसवून, खाली पोतं अंथरून देऊन ती परत तिच्या कामाला लागली. मी बसलो. ऊन आलं होतं, ओल्या मातीचा वाफारा येत होता. मुंग्या आल्या, मी मनात म्हणालो, तुम्ही नाही. एक माशी आली. बराच वेळ काही नाही.

मग ते आलं. काळं मोठं फुलपाखरू, मागच्या पंखांवर निळा पट्टा. ते फुलावर टेकत नव्हतं. खाली लोंबल्यासारखं उडत राहून सोंड वर घालत होतं, आणि फडफडताना पंख केसरांना घासत होते. पंखांच्या आतल्या अंगाला पिवळी भुकटी लागलेली मला बसल्या जागेवरून दिसली. या फुलावरून त्या फुलावर. मी श्वास धरून बघत होतो.

आणि मग मला दिसलं की ते सगळ्या फुलांवर जात नाही. वेलावर लालभडक फुलं होती, माझ्या सँपलसारखी. त्यांच्याशेजारून ते सरळ निघून जात होतं. थांबत होतं ते वरच्या फुलांपाशी, जी खालून पिवळी होती, बुडाशी हिरवट, आणि टोकांनाच लाल.

मी भाजीवालीला हाक मारली. चिखलाच्या हातांनी आली. मी विचारलं, "ही पिवळी वेगळी जात आहे का?"

"येडा काय तू? एकच येल हाय. आज उमललं ता पिवळा. मंग रोज लाल होत जातं. पार लाल झाला म्हंजे म्हातारा झाला, वाळायला लागला." आणि हसायला लागली. "येवढी वरसं रंगाच्या कारखान्यात होतास ना रं? तुला येवढा कळं नाय?"

मी हसलो नाही. ती थांबली. "काय झाला?"

"मी सगळं लाल केलं," मी म्हणालो.

तिला आधी समजलं नाही. मी सांगितलं. ती उकिडवी बसली आणि मातीतलं एक पान उचलून त्याच्या शिरा सोलत राहिली. "बाय हितं बसून एकेक पाकली बघायची," एवढंच म्हणाली.

खाली कसा आलो आठवत नाही. घरी आल्यावर ओला कपडा घेऊन एका कोपऱ्यात पुसून बघितलं. माझं मलाच माहीत होतं की सुटणार नाही. असा रंग सुटला असता तर मला त्या कारखान्यानं ठेवलं असतं का? नखानं खरवडायला गेलो तर कागद फाटायला लागला. तेव्हा थांबलो.

तिनं नवं उमललेलं फूल काढलं होतं, ज्याच्याकडे कोणीतरी येणार आहे असं. मी ते म्हातारं केलं. आणि फूल राहू दे बाजूला, त्या पाकळ्यांत तिचा हात होता. कुंचला कुठं दाबला, कुठं उचलला, ते दिसत होतं. ते आता माझ्या रंगाखाली कायमचं गेलं. तिला मी दुसऱ्यांदा घालवलं असं मला वाटलं. पहिल्यांदा निदान ताप होता.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मुलगी आली. एकटीच आली, बाकीच्यांना शाळा-नोकरी. आल्या आल्या चित्रं काढून खाटेवर मांडली. बारावं मी सगळ्यांच्या खाली ठेवलं होतं. तिनं ते ओढलं आणि एका नजरेत म्हणाली, "हे आईचं नाही."

"फूल तिचंच आहे."

"रंग कोणी दिला?"

"मी."

"का?"

मी सांगायला लागलो. उडालेला रंग, सँपल, जुळवणं. सांगताना मलाच ते वेड्यासारखं वाटायला लागलं. मध्येच तिनं थांबवलं. "बाबा, आई चुकली असेल असंच का वाटलं तुम्हाला? आधी आपण चुकत असू असं का नाही वाटलं?"

संसारात मी किती वेळा तिला म्हणालो असेन, तुला काय कळतं. ती बरोबर निघायची, आणि मी विषय बदलायचो.

मुलगी मोरीत जाऊन भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी परत घासत होती. तिनं ओरडावं असं मला वाटत होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी विधी झाले. भटजी गेल्यावर गच्चीवर पान ठेवलं, कावळा लगेच शिवला. मुलगी म्हणाली, "आईचं मन कशात अडकलेलं नाही दिसत." मी म्हणालो, "तिला कावळेसुद्धा ओळखायचे." त्यावर ती थोडी हसली आणि रडली. माझ्या खांद्याला डोकं लावून उभी राहिली. मला काय करावं ते कळेना, मी तिच्या पाठीवर थापटत राहिलो, लहानपणी ढेकर काढायला थापटायचो तसं.

निघताना तिनं अकरा चित्रं वर्तमानपत्रात गुंडाळली, मध्ये जुन्या साड्या घातल्या. बारावं खाटेवरच राहिलं.

"हे नाही नेत?"

"नाही बाबा. हे आता तुमचं चित्र आहे." आवाज कडू नव्हता. दमलेला होता. "पुरं करायचं असेल तर तुमचं तुम्ही करा."

स्टेशनवर गाडीत बसवून आलो. घरात आल्यावर भिंतीला टेकून बसलो. चित्रं कधी भिंतीवर नव्हतीच, पेटीत असायची, तरी घर ओकंबोकं वाटायला लागलं.

चार-पाच दिवस त्या कागदाकडे बघितलं नाही. मग एका सकाळी बसलो. मी बघितलेला पाहुणा मला माहीत होता, आणि तो लाल फुलावर येत नाही हेही माहीत होतं. तिच्या कोऱ्या जागेत, फुलाजवळ, सोंड घातलेलं फुलपाखरू काढणं म्हणजे खोटं झालं असतं. ती जिवंत असताना तिच्या रागाला मी भ्यालो नाही, पण या खोट्याला भ्यालो.

मी ते कागदाच्या पार कडेला काढलं. फुलाकडे पाठ, एक पंख अर्धा कागदाबाहेर गेलेला. मला चित्रकला येत नाही. तीन दिवस लागले. निळा पट्टा मात्र जुळला, तो मी डोळ्यांतल्या सँपलवरून काढला. बाइंडर घातलं नाही, डिंकच घातला. मुलीला फोटो पाठवला तर तिचा फोन आला, "बाबा, कावळा आहे का हा?"

"कावळाच समज."

"पंख तेवढे बरे आलेत," ती म्हणाली. फोन मात्र लगेच कोणीच ठेवला नाही.

भात कापणीनंतर भाजीवाली भट्टीवर जायच्या आधी घरी आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आत आली. हिच्या एका साडीची घडी मी तिच्यासाठी काढून ठेवली होती, ती तिनं काखेत धरली. चित्र खिळ्याला लावलं होतं. त्याच्यापुढे उभी राहून तिनं बराच वेळ बघितलं.

"पाखरू चाललंय का रं ता?"

"चाललंय."

"मंग बराबर हाय," ती म्हणाली, आणि पाणी मागितलं.